करंगळीएवढी जागा

यादवरावांचं सगळं आयुष्य सातपूरच्या कारखान्यात लेथवर गेलं. केसाएवढी फट राहिली तरी माल परत, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. रिटायर झाल्यावरही हात गप्प बसेनात. २००७च्या थंडीत पत्नी वत्सलाबाईंचे गुडघे फरशीच्या गारठ्याने धरू लागले, तेव्हा ते फरशीवर अंथरायच्या व्हिनायलच्या फळ्या घेऊन आले. एकमेकींत खटकन अडकणाऱ्या, खाली खिळा नाही की गोंद नाही.

"काका, भिंतीपाशी करंगळीएवढी जागा सोडा," दुकानदार धनराज म्हणाला होता. "उन्हाळ्यात फळी फुगते. वरून पट्टी मारली की फट दिसत नाय."

"फट सोडतो तो कसला कारागीर," यादवराव घरी येऊन म्हणाले.

"अहो, सोडा की थोडी. एवढं सांगतोय तो," वत्सलाबाई म्हणाल्या.

ऐकतील तर ते यादवराव कसले! त्यांनी फळ्या भिंतीला अशा भिडवल्या की मध्ये पोस्टकार्ड जाऊ नये. शेजाऱ्यांना बोलावून दाखवल्या. वत्सलाबाई अनवाणी फिरल्या आणि त्यांचे गुडघे खरंच हलके झाले.

चैत्रात स्लॅब तापला आणि खिडकीपाशी फळ्यांनी फुगा धरला. तेव्हा तरी शहाणपण यावं? यांनी त्या फुग्यावर लोखंडी कपाट आणून ठेवलं. फुगा दबला, पण फुगलेली फळी जाणार कुठे? स्वयंपाकघराच्या दाराशी सांधा तुटला, एक कड वर आली. वत्सलाबाई चहा घेऊन येत होत्या. अंगठा अडकला, त्या पडल्या आणि खुबा मोडला.

ऑपरेशन झालं, वॉकर आला. "मी म्हणत होते" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. यादवरावांना तेच जास्त लागलं. म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

मग वरातीमागून घोडं निघालं. त्यांनी कपाट हलवलं, भिंतीलगतच्या फळ्या करंगळीएवढी जागा सुटेल अशा कापल्या, तुटकी फळी बदलली. लाकडी ठोकळा लावून, हलक्या हाताने ठोकत सरकलेल्या फळ्या जागेवर आणल्या. सांध्यांतल्या फटी मिटल्या. हेच आधी केलं असतं तर, एवढं एकच त्यांच्या मनातून जाईना.

वॉकर सुटला त्या दिवशी ते खिडकीपाशी बसून म्हणाले, "ये आता चालत. जमीन एकसारखी झालीय."

वत्सलाबाई आल्या. दाराशी थांबल्या, साडी जरा उचलली, चौकटीला धरलं आणि त्या जागेवरून मोठं पाऊल टाकून पलीकडे आल्या.

"अगं, तिथे आता काही नाही."

"माहितेय हो. हात लावून पाहिलंय मी, छान बसवलीत. पण पाऊल ऐकत नाही."

त्या चहा करायला परत वळल्या. दाराशी पुन्हा तसंच पाऊल उचललं गेलं. यादवराव उठले आणि म्हणाले, "तू बस. चहा मी आणतो."