इन्क्युबेटर थंड करत नाही

त्या पेशी तुम्ही मारल्यात. वरच्या मजल्यावर बसून वीज वाचवायचं फर्मान काढलंत, मग बालाटोनच्या तळ्यात पाय सोडून बसलात. आणि सही मात्र बोर्बालाची हवी.

हंगेरीतल्या सेगेद शहरातल्या त्या प्रयोगशाळेत बोर्बालाची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्तीला आठ महिने उरले होते. उंदरांच्या पिल्लांच्या हृदयातल्या पेशी ती इन्क्युबेटरच्या उबदार कपाटात, ताटल्यांत वाढवायची. दोन-तीन दिवसांत त्या आपसूक धडधडू लागायच्या. यंदा अर्ध्या ताटल्यांत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून, उष्णतेपासून राखणारं जनुक पेशींत पोचवलं होतं. उरलेल्या साध्या. सुट्टीनंतर दोन्हींतल्या काही त्रेचाळीस अंशांवर तापवायच्या, काही तशाच ठेवायच्या आणि कोण तगतं ते बघायचं.

ऑगस्टमधली सलग चार दिवसांची सुट्टी, बाहेर एकोणचाळीस अंश. शुक्रवारी तिने अर्ज दिला होता: इन्क्युबेटर ऊब देतो, थंड करत नाही, खोलीचं कूलिंग चालू ठेवा. तिच्या प्रतीवर पोचपावतीचा शिक्का मिळाला. उत्तर मिळालं नाही.

बुधवारी दार उघडलं तर खोलीची भट्टी झालेली. तिला बोरीमावशी म्हणणारा तरुण संशोधक गेल्लेर्त सूक्ष्मदर्शकावर वाकला.

"बोरीमावशी, साध्या सगळ्या शिजल्या. तुमच्या मासळीच्या रश्श्यापेक्षा जास्त."

दुसरी ताटली सरकवली आणि त्याची थट्टा थांबली.

"ह्या धडधडतायत. जनुकवाल्या. मावशी, जमलं की आपलं."

"किती अंशांना जमलं?"

त्याने तापमानाची नोंद उघडली; ती कोरी. तापमान नोंदणारं यंत्र कूलिंगच्याच तारेवर होतं. तेही चार दिवस बंद. तुलनेसाठी न तापवता राखायच्या ताटल्याही त्याच कपाटात भाजून निघाल्या होत्या.

"म्हणजे झालंय खरं, पण कोणाला दाखवता येणार नाही."

"कोण मानेल, गेल्लेर्त? मीसुद्धा मानलं नसतं."

दुपारी कार्यालयातला दोबोश कागद घेऊन उतरला. त्यावर आधीच टाइप केलेलं: 'कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे'. अशा कागदावर सही करणारा दुसऱ्या दिवशी कामावर येत नाही, हे तिने दोनदा पाहिलं होतं.

"बोरीका, करून टाका सही. तुम्हाला तसंही घरीच जायचंय."

"घरी मी माझ्या पायांनी जाईन. तुम्ही ढकलायची गरज नाही."

"मी कुठं ढकलतोय? वरून विचारतायत."

"मग मीही वरच विचारते."

तिने सूक्ष्मदर्शकात पुन्हा डोळा लावला. जिवंत पुंजका अडखळत होता. एक ठोका, मग इतका वेळ काहीच नाही की ती सेकंद मोजू लागली. मग एक. सहीची जागा कोरी ठेवून तिने कागद उलटला, शिक्क्याची प्रत त्याला टाचली आणि कोऱ्या पाठीवर लिहिलं:

माझा अर्ज कोणी वाचला? वाचून कूलिंग कोणी बंद केलं? नाव लिहून खाली पाठवा. मी इथेच बसले आहे.