मेण निवेपर्यंत

मेणाचं पातेलं कलंडलं आणि धाकटीचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत उकळत्या मेणाने माखला. ती अशी किंचाळली की माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मी बहिणीला फरफटत नळाखाली नेलं.

फोनवर रुग्णवाहिकेची बाई सांगत होती, "पाणी चालू ठेवा. चिकटलेलं मेण ओढू नका, कातडी सोलून येईल. गाडी निघालीये."

"ऐकलंस ना?" मी आईला म्हटलं.

"ऐकलं गं, बहिरी नाही मी. टूथपेस्ट आणू?"

"तिचा दात दुखतोय का?"

आई टूथपेस्टचा नाद सोडून खाली बसली. पण आमच्या आईला हातावर हात ठेवून बसणं जन्मात जमलेलं नाही. मेणबत्त्या करण्यात तिची हयात गेली. आमच्या कारखान्यात, म्हणजे या मागच्या खोलीत, साच्यापाशी उभं असलेलं माणूस 'निवलं' म्हणालं की दुसऱ्याने लगेच मेणबत्ती ओढायची. उशीर झाला की ती साच्यातच तडकते. समोरच्याचा शब्द पुरा व्हायच्या आत आईचा हात चाललेला असतो.

पाण्याखाली मेण पांढरं पडत गेलं. धाकटी ओठ चावून रडत होती.

"ताई, माझा हात जाईल का गं?"

"काही जात नाही!" मी तिच्यावर खेकसले. गाडीचा पत्ता नव्हता. मी देवाला आधी शिव्या घातल्या, मग हात जोडले. आई तिचं कोपर खालून धरून बसली होती.

हळूहळू हुंदके कमी झाले. आग जरा शमली असावी. धाकटीने डोळे मिटले, माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि श्वास सोडत म्हणाली, "निवलं."

"आई, नको!"

आईच्या चिमटीत मेणाचा अख्खा पापुद्रा होता. त्याच्या आतल्या बाजूला काय चिकटून आलं होतं ते मी बघितलं, आणि आईनेही बघितलं. धाकटीचा आवाजच निघाला नाही.

"ती म्हणाली ना?" आई माझ्याकडे बघत होती. "म्हणाली ना गं ती, निवलं म्हणून?"

आई तिला सावरायला पुढे सरकली, तसा धाकटीने तो हात माझ्या पाठीमागे लपवला.