पहिल्यासारखी

आसेगावात कुणाकडे लग्न ठरलं की आधी रुख्मिणीला विचारायचे. शे-दोनशे माणसांचा स्वयंपाक ती दोन बाया हाताशी घेऊन सहज काढायची.

मंगरूळपीरच्या रस्त्यावर ती मोटारसायकलवरून पडली. डोक्याला मार लागला, अकोल्याला ऑपरेशन झालं. घरी आली ती चांगली बोलती-चालती. थोड्याच दिवसांत चुलीपाशी उभी राहिली. तिचा नवरा जगदेव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "पहिल्यासारखी झाली. सारं तेच करते." त्या भरवशावर तिनं शेजारच्या बेबीताईच्या पोरीच्या लग्नाचा स्वयंपाकही घेतला.

दवाखान्यातल्या तपासणीत तिनं आकडे, चित्रं सगळं बरोबर सांगितलं. तरी तिथं मेंदूला मार लागलेल्यांना रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या सुकेशनी मॅडम म्हणाल्या, "रोजच्या कामात डोकं कसं चालतं, ते घरीच कळतं. मी येते."

आल्यावर त्यांनी काम सांगितलं. चौघांचा स्वयंपाक, आणि मध्येच बेबीताईला फोन करून हळदीची वेळ विचारायची. जगदेवला त्यांनी दारात बसवलं. "तुम्ही हात लावायचा नाही. बोलायचंही नाही."

रुख्मिणीनं कढईत तेल टाकलं, गॅस पेटवला आणि वांगी चिरायला बसली. ती अर्धी टाकून कणीक घेतली. कणकेचे हात तसेच ठेवून फोन शोधायला गेली, परत आली ती कांदा घेऊन बसली. तेलाचा धूर निघाला. जगदेव उठला.

"बसा," मॅडम म्हणाल्या आणि गॅस त्यांनीच बंद केला.

थोड्या वेळानं रुख्मिणी हसून म्हणाली, "झालं. बसा जेवाले."

मॅडमनी भाताचं झाकण उचललं. आत कोरडे तांदूळ होते. रुख्मिणी पाहतच राहिली.

"आज असं काहून झालं? रोज तं होते."

जगदेवनं मान खाली घातली. "रोज मी पायतो. तू भायेर गेली का भात चढवतो. मीठ टाकतो. गॅस बंद करतो."

"कवापासून?"

"घरी आली तवापासून."

"अन् मले सांगत होते, सारं तूच केलं?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"मी बेबीताईले हो म्हटलं, तवा तुमी बाजूलेच बसून होते. लोकायपुढं मले येडी बनवलं तुमी." मग ती मॅडमकडे वळली. "दवाखान्यात ह्यायले घरचं विचारलं होतं का?"

"विचारलं होतं. घरचं सगळं नीट करते, म्हणाले."

"खरं सांगतलं असतं तं?"

मॅडम म्हणाल्या, "उपचार तेव्हाच सुरू केले असते."

रुख्मिणी रडली नाही. तिनं फोन मागितला. "बेबीताई, दुसरी बाई पाहा. मले जमत नाई अजून." जगदेव जवळ आला तशी ती म्हणाली, "तुमी भायेर जा."

मॅडमनी फक्त भात करायला सांगितला. एकेक गोष्ट मोठ्यानं बोलून मग करायची. "तांदूळ धुतले. आता पानी." भात चिकट झाला, पण झाला.

तिनं जगदेवचंही ताट वाढलं. ते दाराशी ठेवलं आणि न बोलता आत गेली. पुढं उपचार सुरू झाले, ती हळूहळू सुधारली. पण स्वयंपाक कसा झाला, हे तिनं त्याला कधी विचारलं नाही. ती शेजारच्या घरी वाटी पाठवायची आणि तिथं विचारायची.