सरांचा हात

माझं डोकं पटकन फिरतं. नोकरीच्या मुलाखतीत हे कोणी सांगत नाही, मीही सांगितलं नव्हतं.

शाळा दमयंतीबाईंची. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी यंदा जूनमध्ये पारनेरच्या बाजूला एका माळावर ती काढली. पत्र्याच्या दोन खोल्या, आठवी-नववी, एकवीस मुलं. त्यांत चौदा मुली, कारण गावातली शाळा सातवीला संपायची आणि मुलींचं शिक्षणही तिथंच. मी राहात्याचा, नवाकोरा बीएड, गणित-विज्ञानाला. पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं, "सुहास सर, इथं मुलांवर हात उगारायचा नाही. आणि मुलीला लग्नासाठी न्यायला बाप आला, तर त्याला खुर्ची द्यायची, चहा पाजायचा, बोलत ठेवायचं. मान मिळाला की बाप अर्धा तास बसतो. तेवढ्यात मी फोन करून माणसं बोलावते." नेवाशाला असताना त्यांनी अशा तीन मुली वाचवल्या होत्या. मला मात्र हे सगळं फार मिळमिळीत वाटलं.

पंधराव्या दिवशी गहिनीनाथ आला. नववीतल्या मोनिकाचा बाप. सातवीनंतर वर्षभर घरी बसलेल्या तिला बाईंनी वयाप्रमाणे थेट नववीत घेतलं होतं. मी फळ्यावर गणित पुरतं उतरवायच्या आत मोनिकाचं उत्तर तयार असायचं. चौदा वर्षांची पोर, माझा फार जीव होता तिच्यावर. तो चपलांसकट वर्गात शिरला, तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि हिसका दिला. ती बाकावरून खाली आली. कपाळ बाकाच्या लोखंडी कडेवर आपटलं, रक्त आलं.

"पाव्हनं येऊन बसल्यात घरी, अन् ही हितं बसलीया!"

बाई शेजारच्या खोलीतून धावत आल्या. आवाज शांत ठेवून म्हणाल्या, "गहिनीनाथ, बसा. सर, यांना खुर्ची द्या."

खुर्ची माझ्या हाताशीच होती. तेवढ्यात त्याने मोनिकाच्या पोटात लाथ घातली. मी खुर्ची उचलली आणि त्याच्या खांद्यात घातली.

तो कोसळला. तिथंच थांबायला हवं होतं. मी त्याच्या छातीवर बसलो आणि तोंडावर बुक्क्या मारत राहिलो. दात तुटला, माझी बोटं सोलली. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. कोणीतरी माझा दंड धरला, मी झटकला. झटकल्यावर दिसलं, मोनिका होती. ती भिंतीवर जाऊन आदळली.

"मारू नका सर! बाप हाय माजा!"

तिने ओढणीने त्याचं तोंड पुसलं, त्याला उठवलं आणि खांद्याचा आधार देऊन घेऊन गेली. तिला कोणी ओढत नेलं नाही. बाई "मोनिका, थांब" म्हणत फाटकापर्यंत गेल्या, पण तिने वळून पाहिलं नाही.

बाईंनी फोन केला. पोलीस संध्याकाळी आले आणि घराला कुलूप बघून परत गेले. बाई मला एवढंच म्हणाल्या, "अर्धा तास हवा होता मला, सर. दुसरा शिक्षक मिळेपर्यंत शिकवा." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी फाटकाशी सहा-सात बाप पोरं घेऊन उभे. सगळ्यांत पुढे गहिनीनाथ, ओठ सुजलेला. माझी मूठ आपोआप वळली. त्याने हात जोडले.

"आपला राग न्हाई सर. मास्तर असावा तर असा, सारं गाव म्हनतंय. थोरलीचं उरकलं शनिवारी. ही धाकटी, रेश्मा. आठवीला घ्या. लई तोंडाळ हाय, तुमच्या हाताखाली सुधरंल. लागंल तितकं हाना, हाडं आमची, बाकी तुमचं."

मागचे बाप हसले. बाई पोलिसांना कळवायला आत फोनकडे गेल्या. मला माझी किळस आली.

नाव लिहून घ्यायला मी रेश्माजवळ गेलो. तिने दोन्ही कोपरं वर करून डोकं झाकून घेतलं.