ताईच्या यंत्राचा बुश

ताईच्या विणकामाच्या यंत्राचा खडखडाट धाकट्या भावाला फोनवरही ऐकू यायचा. सुयांवरून इकडेतिकडे पळणारा गाडा एका दांड्यावर सरकतो. दांडा ज्या पितळी नळीतून जातो तो बुश झिजून ढिला झाला होता आणि नवा कुठेच मिळत नव्हता. आईबाबांच्या माघारी ताई त्या घरात एकटीच राहायची, स्वेटर विणून पोट भरायची. दूरच्या शहरात, प्लॅस्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला असलेला धाकटा म्हणाला, "एवढंच ना? मी करून पाठवतो."

त्याने नायलॉन निवडलं. चिवट, तेलाशिवाय सरकणारं. ताईने दांड्याचं माप सांगितलं, याने केसाएवढी फट ठेवून बुश कातला आणि कुरिअरने धाडला. पुढच्या रविवारी फोनवर गाडा झुळझुळ पळताना ऐकू आला. महिन्याभरात मात्र पलीकडे चिडीचूप.

"यंत्र बंद का गं?"

"जरा जड जातंय. सध्या हातानंच विणते."

"मग बोलली नाहीस ते?"

"इंजिनियरसाहेबांनी हौसेनं पाठवलेलं. कशाला हिरमोड करायचा?"

धाकट्याने कपाळावर हात मारून घेतला. नायलॉन हवेतली ओल पितं, फुगतं, भोक आवळतं. हे त्याला तोंडपाठ होतं. पण माप धरताना त्याच्या डोळ्यांसमोर होती ती प्रयोगशाळेची कोरडी, थंड खोली.

"ताई, घरात ओल असते का?"

"मागची भिंत पाझरते, केव्हापासून. तुला कुठून माहीत असणार म्हणा."

टेफ्लॉन याहून घसरडं, पण मऊ. गाड्याच्या भाराने हळूहळू दबलं असतं. राहता राहिलं ॲसिटल, ओल जवळजवळ न पिणारं टणक प्लॅस्टिक. त्याचा एक तुकडा त्याने भाड्याच्या खोलीत पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवला. कामावरून आला की आधी तो पुसून मापायचा, मगच बूट काढायचा. त्या खोलीत त्याची वाट बघणारं दुसरं काही नव्हतं. तुकडा तसूभरही फुगला नाही.

नवा बुश पोचला. रविवारी त्याने कान देऊन ऐकलं. काहीच नाही.

"अजून बंदच?"

"अरे चालू आहे, तुझ्याशी बोलता बोलता विणतेय. आवाजच नाही याला."

"मग आणखी एक पाठवून ठेवू? जादाचा?"

"कशाला? हा मला जन्माला पुरेल."

त्याला आनंद व्हायला हवा होता. पुढे काय विचारावं ते सुचेना. आजवर दोघं बुशबद्दलच बोलत आले होते. फोन ठेवणार तोच ताई म्हणाली, "मागचं दार हल्ली चौकटीला घासतं. त्याला काय लावू?"

"असं इथून कसं सांगू? बघावं लागेल."

"मग बघ की."

धाकट्याने फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे गाडा फिरत असणार, पण ऐकू काहीच येत नव्हतं.

"रविवारी येतो," तो म्हणाला.