हात दिसेपर्यंत

माझ्या आवाराला शाळा म्हटलं तर खऱ्या शाळांना शरम वाटेल. पोलंडमधल्या क्रोस्नो गावाबाहेर, बंद पडलेल्या खडीच्या खाणीत माझा भंगारचा धंदा आहे आणि त्याच्या मागे चिखलाचं एक गोल मैदान. रविवारी तिथे भंगारातल्या गाड्यांच्या शर्यती होतात. ठोकायचं, ठोकून घ्यायचं, आणि शेवटी ज्याची गाडी हलत राहील तो जिंकला. नवख्यांना मी शिकवते. मी लुत्सिना. वय विचारू नका, आणि तोंड फाटकं आहे हे आधीच सांगून ठेवते.

दागमारा पहिल्यांदा आली तेव्हा मी एका गाडीचा दरवाजा कापत होते. तिशीतली, बारीक चणीची बाई. अंगात बेकरीचा पांढरा कोट, वर नवऱ्याचं वाटावं असं ढगळ जाकीट.

"तुमच्याकडे शिकायला काय पडतं?"

"गाडी भंगारातली घे, स्वस्तात देते. पेट्रोल तुझं. आणि रविवारी सॉसेज भाजायच्या जाळ्या घासून जायचं."

"बस, एवढंच?"

"मग काय, वर सोन्याचं हेल्मेट देऊ? दुसरीकडे विचारलंस की नाही?"

विचारलं होतं. मोठ्या ट्रॅकवरच्या शाळेत तिने एका दिवसाचे पैसे ऐकले आणि पाणी पिऊन परत आली. दुसऱ्या शाळेत ओल्या फरशीवर गाडी घसरवायला शिकवायचे, तीही महागच. दोन्हीकडे तिने एकच गोष्ट विचारली होती: मागून कुणी मुद्दाम ठोकलं तर गाडी कशी सांभाळायची? मोठ्या शाळेतला मास्तर हसला म्हणे. "आमच्याकडे कुणी कुणाला ठोकत नाही, मॅडम."

"मला एकटीने घसरायला नाही शिकायचं," ती म्हणाली. "मला धडक खायला शिकायचंय."

मी मशीन बंद केलं. "कोण ठोकतो?"

"नवरा."

असं म्हणाली, जशी काही भाजी कुठून आणली ते सांगतेय. इरेक नाव त्याचं, जंगलातली लाकडं ओढणारा ट्रक चालवतो. घरात हात उचलायचा ते तर होतंच. पण दोनदा ती मुलीला घेऊन निघाली, आणि दोन्ही वेळा त्याने त्याच्या जीपने डोंगरातल्या वळणांवर तिला गाठलं. पहिल्यांदा मागून ढकलत नाल्यात घातलं. दुसऱ्यांदा झाडावर. पोलाचं, म्हणजे त्या सहा वर्षांच्या पोरीचं, खांद्याचं हाड मोडलं. पोलिसांना तो म्हणाला ब्रेक लागले नाहीत. पोलिसांनी दोघांनाही समजावून सांगितलं. दोघांनाही! ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डोंगरापलीकडे नन्सचं घर आहे," दागमारा म्हणाली. "माझ्यासारख्यांना ठेवून घेतात. नवऱ्याला दारात उभं करत नाहीत. पण त्या दारापर्यंत पोचायला हवं ना, बाई. रस्ता एकच आहे."

"आणि तोही तोच रस्ता धरणार."

"हो."

मी तिला एक जुनी छोटी सेइचेंतो गाडी दिली. डबडं. काचा काढलेल्या, दारं वेल्डिंग करून बंद केलेली. आत जायचं ते खिडकीतून. चालकाच्या बाजूचं दार आमच्याकडे पांढरं रंगवतात. गाडीत कुठेही ठोका, त्या पांढऱ्या दारावर नाही. त्यावर ठोकणाऱ्याला मी आयुष्यभरासाठी हाकलते. दुसरा नियम उलटलेल्या गाडीचा. गाडी उलटली की लाल झेंडा, आणि सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं. आतल्या माणसाचा हात खिडकीबाहेर दिसेपर्यंत कुणी हलायचं नाही. हात दिसला की हिरवा झेंडा, आणि पुन्हा सुरू. उलटलेला तिथेच पडलेला असतो, शिव्या घालत. घालू दे. हात दिसला म्हणजे जिवंत आहे, त्याला काढणारे वेगळे.

पहिल्या दिवशी मी तिच्यामागे व्हिएशेकला सोडलं. व्हिएशेक म्हणजे शंभर किलोचा कसाई, मनाने लोणी, पण गाडीत बसला की रेडा. त्याने तिच्या मागच्या कोपऱ्यावर अशी दिली की सेइचेंतो भिंगरीसारखी फिरली आणि ती खिडकीतूनच ओकली.

"पाय का उचललास?" मी ओरडले.

"घाबरले!"

"घाबर ना! कोण नको म्हणतंय? पाय खाली ठेवून घाबर! ही गाडी पुढची चाकं ओढतात. मागचं ढुंगण निसटलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, म्हणजे पुढची चाकं तुला सरळ ओढून काढतात. पाय उचललास की मेलीस."

दहा वेळा पाय उचलला तिने. अकराव्यांदा नाही उचलला. गाडी तिरकी झाली, चिखल उडाला आणि फरफटत सरळ झाली. दागमाराने हेल्मेट काढलं तेव्हा ओठ फाटलेला होता आणि ती हसत होती. ते हसू बघून मला रडायला आलं, म्हणून मी तिला जाळ्या घासायला पाठवलं.

उन्हाळाभर ती यायची. इरेकला सांगायची, हॉल झाडायचं काम मिळालंय. अंगावरचे काळेनिळे डाग माझ्या मैदानावरचे कुठले आणि घरचे कुठले, तिचं तिलाच कळेनासं झालं. पोला सॉसेजच्या टेबलामागे स्टुलावर बसून कागदी ताटल्या वाटायची आणि प्रत्येक शर्यत बघायची. एकदा व्हिएशेकची गाडी उलटली आणि दागमारा थांबलीच नाही, तशीच पुढे दामटली. मी मैदानात शिरून तिच्या टपावर पाना आपटला.

"डोळे फुटले का गं? गाडी उलटली की काय करायचं?"

"थांबायचं."

"कुठपर्यंत?"

"हात दिसेपर्यंत."

"आणि हात दिसला की?"

"निघायचं."

टेबलामागून पोलाही आमच्याबरोबर म्हणत होती, पाढे म्हणावेत तशी.

शेवटचं शिकवायचं राहिलं होतं ते मी सप्टेंबरात शिकवलं. बाजूला येऊन कुणी अंगावर रेलला की त्याला उलट ढकलत बसायचं नाही. त्याचा सगळा भार तुझ्यावर असतो. तो पुरता रेलला की करकचून ब्रेक मारायचा. तू तिथे नाहीस, मग तो तोंडावर पडतो. हे दाखवताना एक मूर्ख गाडी माझ्याच पायावर आली. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला.

त्याच्या पुढच्याच रविवारी इरेक आला.

कुणीतरी चुगली केली असणार. दागमारा पहिली फेरी संपवून गाडी बाहेर आणत होती, अजून पट्ट्यात बांधलेलीच. त्याने खिडकीतून हात घातला, हेल्मेटचा पट्टा धरला आणि तिचं डोकं गाडीतल्या लोखंडी पिंजऱ्याच्या नळीवर आपटलं. एकदा, दोनदा. मग पट्टा उघडून, हेल्मेट काढून नुसतं डोकं आपटलं. तो आवाज मी विसरणार नाही. इतके पत्रे चेपताना ऐकले आयुष्यात, पण तो आवाज वेगळा होता.

"झाडतेस काय हॉल? आं? भवाने, झाडतेस?"

पोलाच्या हातातल्या ताटल्या खाली पडल्या. मी कुबडी उचलली आणि त्याच्या कानावर घातली. तो वळला तसा मला एक ठेवून दिली. माझा वरचा दात तिथेच चिखलात गेला. पण तोवर व्हिएशेक पोचला होता. व्हिएशेकने त्याचं नाक फोडलं, कोपराने, एका दणक्यात, मग चारजणांनी त्याला पाय धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. कुणी लाथा घातल्या, कुणी थुंकलं. मी थांबवलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

फाटकाबाहेर जाऊन तो जीपमध्ये बसला, मागे गेला, आणि दागमाराची रस्त्यावर उभी असलेली साधी गाडी त्याने समोरून ठोकली. पुन्हा मागे जाऊन पुन्हा. इंजिन पार आत घुसेपर्यंत. मग घराच्या दिशेने निघून गेला.

दागमाराच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. व्हिएशेक त्यावर खाटीकखान्यातलं स्वच्छ फडकं दाबत बसला होता आणि स्वतःच रडत होता. पोलिसांना फोन केला. गाडी पाठवतो म्हणाले.

"तो घरी जाऊन पिणार," दागमारा म्हणाली. "मग परत येणार. बाई, मी आज घरी गेले तर उद्या नसेन."

"घरी कोण जायला सांगतंय? आज डोंगर ओलांडायचा. आत्ता."

माझी हिरवी गोल्फ गाडी आवारात होती. जुनी, गंजलेली, पण रस्त्यावर चालणारी. व्हिएशेक म्हणाला मी नेतो. दागमाराने त्याच्या हातून किल्ली काढून घेतली.

"मी शिकले कशाला मग?"

मी शेजारी बसले, प्लास्टरचा पाय आखडून. मागे पोला. व्हिएशेकने तिच्या डोक्यावर स्वतःचं हेल्मेट चढवलं आणि आत टॉवेल कोंबला, हलू नये म्हणून. पट्टा दोनदा ओढून बघितला.

चढ पार झाला. माथ्यावर मारियाचं छोटं देऊळ आहे. मी क्रूसाची खूण करायला हात वर नेला, आणि त्याच देवळामागून जीप बाहेर आली. घरी गेलाच नव्हता हरामखोर. त्याला ठाऊक होतं रस्ता एकच आहे.

"आई," पोला म्हणाली.

"दिसला मला. डोकं मागे टेकव, बाळा."

पहिली धडक उतारावर. मागच्या डाव्या कोपऱ्यावर, अगदी नेमाने. गोल्फचं ढुंगण निसटलं, समोर रस्त्याऐवजी दरी दिसली, आणि मी, इतक्या वर्षांची मास्तरीण, डोळे मिटून ओरडले. दागमाराचा पाय उचलला गेला नाही. चाकं किंचाळली आणि आम्ही सरळ झालो.

"ओरडू नका हो बाई, कानठळ्या बसतायत!"

दुसऱ्या धडकेने मागची काच फुटली. पोलाच्या हेल्मेटवर काचांचा पाऊस पडला. तिसरीला माझं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. दागमाराची जखम उघडी पडली होती. ती एका डोळ्याने चालवत होती, दुसरा रक्ताने भरलेला. दर वळणाला तिचा पाय खालीच. तो मागून ठोकत होता आणि आम्ही सरळ होत होतो. त्याला हे नवीन होतं. तिला तो नेहमी पहिल्या धडकेलाच लोळवायचा.

मग तो चिडला. सरळ रस्त्याचा तुकडा आला तसा बाजूला आला, डावीकडून. त्याचं फुटलेलं नाक मला दिसलं, तोंड उघडं होतं, काहीतरी ओरडत होता. आणि त्याने स्टिअरिंग फिरवून दागमाराच्या दारावर मारली.

"दारावर!" मी बोंबलले. "दारावर मारतोय! अरे थू तुझ्या जिनगानीवर, दारावर?"

दार आत चेपलं, तिच्या बरगडीत घुसलं. ती कण्हली. तो पुन्हा रेलला, आता सगळ्या वजनाने, आम्हाला उजवीकडच्या खडकाच्या कड्यावर घासत. पत्रा कड्याला लागून ठिणग्या माझ्या खिडकीत आल्या. पोला किंचाळायला लागली.

"अजून नाही," दागमारा स्वतःशीच म्हणत होती. "अजून नाही. रेलू दे. रेल मेल्या, रेल."

आणि तिने करकचून ब्रेक मारला.

जीप आमच्या नाकासमोरून आडवी गेली. सगळा भार टाकायला समोर कुणी उरलंच नव्हतं. ती कड्यावर चढली, क्षणभर तिथे थांबल्यासारखी वाटली, मग पाठीवर उलटली आणि तशीच घसरत नाल्यात जाऊन पडली. चाकं वर. फिरत होती.

आम्हाला निघता आलं असतं. रस्ता मोकळा होता. मला वाटलं ती आता दाबणार. पण दागमारा थांबली. इंजिन चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय क्लचवर, डोळा जीपवर. मी तिच्यात जे पाना आपटून आपटून घातलं होतं ते काही तिच्या अंगातून निघेना.

"चल ना, पोरी!" मी म्हटलं. "कशाला थांबलीस?"

मी फोन काढून रुग्णवाहिकेला जागा सांगितली, देवळाखालचं वळण, गाडी उलटली आहे, लवकर या. नाल्यातून काही हालचाल नाही. मनात आलं, मेला असला तर बरं. आणि लगेच आलं, मेला असला तर ही पोर जन्मभर इथेच थांबून राहील.

मग हात बाहेर आला. फुटलेल्या खिडकीतून, कोपरापर्यंत रक्ताने माखलेला. बोटं हलली. गवत धरलं.

"दागा!" त्याचा आवाज आला. "दागा, ये इकडे. दार अडकलंय. बाहेर काढ मला."

दागमाराचा हात दाराच्या कडीकडे गेला. मी बघत होते. बारा वर्षं त्या आवाजाने ये म्हटलं की ती गेली होती. मी ओरडायला तोंड उघडलं, तर दात पडलेल्या हिरडीतून नुसतं रक्त आलं.

"दागा! ऐकू येत नाही का? ये म्हणतो ना! ये, नाहीतर बाहेर आल्यावर सोडणार नाही तुला!"

मागून काचा खाली सांडल्याचा आवाज आला. पोला पुढे वाकली होती. व्हिएशेकचं ते भलं मोठं हेल्मेट आमच्या दोघींच्या मधे आलं.

"आई," ती म्हणाली, "हात दिसला."

दागमाराने तिच्याकडे बघितलं. मग नाल्याकडे. कडीवरचा हात काढून तिने पहिला गिअर टाकला.