आपला पोरगा

एप्रिलमधल्या अमेरिकन फुटबॉलच्या सराव सामन्यात आमचं विद्यापीठ आमच्याच विद्यापीठाशी खेळतं, त्यामुळे निदान त्या दिवशी आम्ही हरत नाही. तरी साठ हजार माणसं जमतात. अलाबामात याला कुणी वेड म्हणत नाही.

यंदा सगळे आले होते टॉलिव्हरसाठी. डेमारियन टॉलिव्हर, वय अठरा, रनिंग बॅक. चेंडू काखोटीला मारायचा आणि समोरच्या धिप्पाड गड्यांना चकवत, पाडत पळायचं, हे त्याचं काम. कॉलेजचा एकही खरा सामना तो खेळला नव्हता, पण माझ्या टायरच्या दुकानात मी त्याला कधीच देशात पहिला करून टाकला होता. मला खेळातलं कळतं. शाळेत असताना मी चार वर्षं संघात होतो, म्हणजे बाकावर होतो. बसून बसून नजर तयार होते.

माझा मुलगा कोल्बीही याच संघात. शिष्यवृत्ती नाही, नाव नाही, तीन वर्षं नुसता सरावात मार खातोय. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला बचावात उतरवणार होते. कोचनी बजावलं होतं, आज काही दाखव, नाहीतर ऑगस्टमध्ये हंगामाला येऊ नकोस. आम्ही गेलो ते त्याच्यासाठी. निदान माझी बायको रोंडा तरी त्याच्यासाठीच गेली होती.

टॉलिव्हरला चेंडू मिळाला. एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याला खांद्याने उताणं पाडलं आणि सत्तर यार्ड सुसाट! मी उभा राहिलो. उकडलेल्या शेंगांची पिशवी पुढच्या बाईंच्या डोक्यावर रिकामी झाली.

"तुडव! तुडव त्याला! हा बघा आपला पोरगा!"

रोंडाने माझा शर्ट ओढला. "ल्युथर, आपला पोरगा खाली पडलाय."

मी बसलो. लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पण ती लाज मिनिटभरही टिकली नाही. मेहुण्याला, डेलला, ती धाव कळवायला हवी होती. गोंगाटात ऐकू येईना म्हणून मैदानाकडे पाठ करून मी फोनवर रंगवून सांगत होतो. मागे साठ हजार माणसं एकदम हळहळली. वळलो तर टॉलिव्हर आडवा पडलेला, आणि सगळ्या स्टेडियममध्ये रोंडा एकटी टाळ्या वाजवतेय, डोळे पुसत.

सामना संपल्यावर कोल्बी पार्किंगमध्ये आमच्या ट्रकपाशी आला. ओठ फाटलेला, चेहरा खुललेला.

"कोचनी ऑगस्टला बोलावलंय. पपा, बघितलंत ना?"

"बघितलं म्हणजे काय! काय पाडलंस रे त्याला!"

"कुठून आलो मी?"

"डावीकडून," मी ठोकून दिलं.

रोंडाने कपाळाला हात लावला.

"उजवीकडून," कोल्बी म्हणाला. "त्याला पाडल्यावर मी आधी तुमच्याकडेच बघितलं. तुमची पाठ दिसली."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सांग मला," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांग."

त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "सांगून नाही कळायचं. तुम्ही टॉलिव्हर व्हा."

"अरे, त्यांची कंबर!" रोंडा ओरडली.

वय बावन्न, वजन एकशे बारा किलो. ट्रकमधलं पावाचं पाकीट चेंडूसारखं काखोटीला मारून मी दोन ट्रकांमधून जीव खाऊन धावलो.

उजवीकडूनच आला.